पारोळ्याचा शिंपी आणि सातवा प्रश्न

नाना,

सातव्या प्रश्नाच्या उत्तरासकट उत्तरसूची या आठवड्यात छपाईला द्यायची आहे, आणि तुम्ही नाही आहात. या लेखाची सुरुवात मी उलट क्रमाने करणार होते, तुमच्या नसण्यापासून. पण मग तुम्ही कागद बाजूला सारून म्हणाला असता, "कामाचं काय ते आधी सांग." म्हणून कामाचे आधी सांगितले.

दुसरे विधान असे: तुमच्या जाण्याचे मला दुःख आहे, पण त्याहून अधिक मला हायसे वाटते आहे. सांत्वनाला दारावर येणाऱ्या माणसांत बसून हे बोलण्याची सोय नव्हती. तिथे प्रत्येकाने सांगितलेले दुःख खरेच होते आणि मीही मान हलवत होते. परंतु विधान कितीही चमत्कारिक असले तरी त्याच्या पुराव्यावर बोट ठेवता आले तर ते निःशंक लिहावे, हे मला तुम्हीच आठवीत शिकवले. तेव्हा मी बोट ठेवते आहे. जरा वेळ लागेल.

पाचोऱ्याच्या तुमच्या घराची पुढची खोली हाच वर्ग होता. शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करणारी आम्ही मुले चटईवर बसायचो आणि उताऱ्यावरच्या प्रश्नाचे उत्तर तोंडाने द्यायला तिथे बंदी होती. उत्तर म्हणजे उताऱ्यातल्या एका ओळीखाली टेकवलेले बोट. तुम्ही रांगेतून फिरायचा, वाकून प्रत्येकाचे बोट पाहायचा आणि काही न बोलता पुढे जायचा. उत्तर बरोबर आणि बोट मात्र भलत्या ओळीवर, असे सापडले की चुकलेल्या मुलापेक्षा त्यालाच जास्त ऐकावे लागे. "उत्तर खरं आहे मधुरा, पण तू खोटं बोलतेयस," असे एकदा मला म्हणालात. मी घरी जाऊन रडले. आज तेच वाक्य मी कामावरच्या नव्या सहकाऱ्यांना ऐकवते. ते रडत नाहीत, टिपून घेतात.

त्या वर्गात सगळ्यांची एक चूक ठरलेली असे. प्रश्नात 'पाणी' हा शब्द असला की आमची बोटे उताऱ्यातल्या 'पाणी' या शब्दाकडे धावत, मग ते वाक्य काहीही सांगत असो. तुम्ही अशा पर्यायाला 'जावई' म्हणायचा. "इस्त्रीचे कपडे घालून येतो, सगळे उठून त्याला जागा देतात, आणि कामाला हात म्हणून लावत नाही!" आम्ही हसायचो आणि पुढच्याच प्रश्नाला पुन्हा जावयाला पाट मांडायचो. पुढे संख्याशास्त्र शिकताना मला कळले की चुकीचा पर्याय आकर्षक का ठरतो, यावर मोठाली प्रकरणे लिहिलेली असतात. माझे ते प्रकरण चटईवरच वाचून झाले होते.

एम.एस्सी. झाल्यावर मी जळगावला, शाळांसाठी वाचनाच्या चाचण्या तयार करणाऱ्या एका संस्थेत लागले. नव्या चाचणीत नुसते उत्तर विचारायचे नव्हते. उताऱ्यातले कोणते वाक्य त्या उत्तराला सर्वांत चांगला आधार देते, हेही मुलांनी निवडायचे होते. म्हणजे इतकी वर्षे तुम्ही बोटाने जे विचारत होता, तेच आता चार पर्याय देऊन विचारायचे. उतारे लिहायला मी तुमचे नाव सुचवले. याच कामाच्या जोरावर मला परदेशी शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायचा होता, हे मी तुमच्यापासून लपवले नव्हते. "मग माझे उतारे विमानात बसणार म्हण की," इतकेच तुम्ही म्हणालात, आणि पारोळ्याच्या शिंप्याचा उतारा लिहून दिलात.

ज्यांनी तो वाचलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पारोळ्यात किल्ल्याच्या बाजूला एका म्हाताऱ्या शिंप्याचे दुकान आहे. मुलगी धुळ्याला असते आणि तिकडे राहायला चला म्हणून सारखी मागे लागते. शिंपी काय करेल, हे उताऱ्यात सांगितलेले नाही. सातवा प्रश्न होता: 'शिंप्याने मनात काय ठरवले आहे, हे कोणत्या वाक्यावरून सर्वांत चांगले कळते?' तुमचे उत्तर होते ब: "'हे दुकान सोडून मी कुठं जाणार?' असे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगे." माझे उत्तर होते ड: "त्या आठवड्यात त्याने नवे कापड घेतले नाही, हातातले होते तेवढे शिवून संपवले." तुमच्या मते शिंपी पारोळ्यातच राहणार होता. माझ्या मते तो मनाने धुळ्याला पोहोचलासुद्धा होता.

"उतारा माझा, शिंपी माझा," तुम्ही ताडकन म्हणालात, "आणि तो जाणार की नाही हे तू ठरवणार?"

"उतारा छापला की शिंपी तुमचा राहत नाही, नाना."

"त्यानं कापड घेतलं नाही, कारण त्याची नजर अधू झालीय."

"हे कुठे लिहिलंय? बोट ठेवा."

"मला माहीत आहे!"

"परीक्षेला बसलेल्या मुलाला माहीत नाही."

तुम्ही चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत राहिलात. पुसून झाल्यावर तुमचा मुख्य मुद्दा आला, आणि मी तो गंभीरपणे घेतला, कारण तो गंभीर होता. तुम्ही म्हणालात, "माणसाचं बोलणं हाच त्याच्याबद्दलचा पहिला पुरावा. ते बाजूला सारून त्याच्या वागण्यावरून तू त्याचं मन ठरवायला लागलीस, तर त्याच्या तोंडाला काही किंमतच उरत नाही. उद्या कुणीही कुणाच्याही वतीनं काहीही ठरवेल." मी म्हणाले, ज्याला जायचे नसते तो प्रत्येक गिऱ्हाइकाला थांबवून तसे सांगत बसत नाही. तुम्ही म्हणालात, "हाई काय शे? वकिली का?" वर्गात काटेकोर प्रमाणभाषा बोलणारे तुम्ही खानदेशीवर आलात की वाद त्या दिवसापुरता संपला, हे मला ठाऊक होते. सातव्या प्रश्नापुढची जागा कोरी राहिली.

श्रावणात तुम्ही न्हाणीघरात घसरलात आणि कुणाला बोलला नाहीत. भाद्रपदात तुमचे शब्द अडखळायला लागले. मग एका सकाळी हाका मारूनही तुम्ही नीट जागे होईनात, तेव्हा तुमचे चिरंजीव सुरेशभाऊ तुम्हाला गाडीत घालून जळगावला घेऊन आले. ते आणि तुमची सून वैशालीवहिनी, दोघेही दवाखान्याच्या बाकावर बसलेले मला आजही दिसतात. मला त्यांनीच बोलावले होते. घरच्या माणसांखेरीज तुमचे ज्या कुणाशी सतत बोलणे होत होते, ती मी होते. शिवाय भाऊंच्या हिशेबी मी 'सायन्सवाली' होते.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. पडल्यामुळे कवटीच्या आत रक्त साठले आहे. कवटीला छिद्र पाडून ते काढता येईल, काही दिवस नळ्या असतील. वय पाहता धोका आहे. न काढल्यास काय होईल, हे सांगायची गरज नव्हती. निर्णय संध्याकाळच्या आत हवा होता.

"नानांनी शंभरदा सांगितलंय, मला नळ्या लावू नका," भाऊ म्हणाले. "मी ऐकलंय, तू ऐकलंयस, बठ्ठ्या गावानं ऐकलंय. आता त्यांचा शब्द मोडू का?"

"पहिल्यांदा कधी म्हणाले, भाऊ?"

"मधुरा, इथं काय परीक्षा घेतेयस?"

वहिनींनी डोळे पुसत उत्तर दिले. बोदवडचे तुमचे जुने हेडमास्तर शेवटचे वर्षभर नळ्यांवर नुसते पडून होते. त्यांना भेटून आलात त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत, आणि तेव्हापासून ते वाक्य सुरू झाले.

मला तुमचा आवाज ऐकू आला. जावई! 'नळ्या' हा शब्द डॉक्टरांच्या वाक्यात होता आणि तुमच्याही वाक्यात होता, म्हणून आम्ही उठून त्याला जागा देत होतो. पण तुमचे वाक्य न उठणाऱ्या माणसाबद्दल होते आणि आमच्यापुढचा प्रश्न उठू शकणाऱ्या माणसाचा होता. मी हे भाऊंना सांगितले. ते म्हणाले, "बरं, ते वाक्य चालत नाही. मग कोणतं चालतं ते दाखव." हा प्रतिप्रश्न अगदी बिनतोड होता. एक पुरावा नाकारला म्हणून त्याच्या उलटे विधान सिद्ध होत नाही.

मग वहिनी बोलल्या. त्या पारोळ्याकडच्या, घाबरल्या की त्यांचे प्रमाण मराठी सुटते. "परवा माले म्हनेत, वैशाली, चष्माना नंबर वाढेल शे, नवा करी टाकू. दिवाळीनंतरनी बॅचले बारीक अक्षर वाचनं पडस."

"चष्म्यावरून ऑपरेशन ठरवायचं?" भाऊंनी विचारले.

त्या वाक्यात दवाखाना नव्हता, नळ्या नव्हत्या, जगणे-मरणे काहीच नव्हते. प्रश्नातला एकही शब्द त्यात नव्हता. तरीही ज्याला पुरे झाले आहे, तो माणूस दिवाळीनंतरच्या बारीक अक्षराची काळजी करत नाही. मी भाऊंना म्हणाले, "माझं बोट या वाक्यावर आहे." ते उठले आणि सही करायला गेले.

इथे माझी अडचण सुरू होते, नाना. कोणत्या पद्धतीने मी तुमचा निर्णय केला? तुमच्या नव्हे, माझ्या. तुम्ही बोलू शकत नव्हता; तुम्ही उतारा झाला होता. आणि मी तुमचे बोलणे बाजूला सारून तुमच्या वागण्यावरून तुमचे मन ठरवले. सातव्या प्रश्नात ज्याला तुम्ही ठाम विरोध केला होता, नेमके तेच. त्यात मी तटस्थही नव्हते. मला तुम्ही हवे होता. चाचणी अर्धी होती, अर्ज अर्धा होता. संशोधनात असे हितसंबंध आधी जाहीर करावे लागतात. दवाखान्याच्या बाकावर ते मला कुणी विचारले नाहीत.

तुम्ही शुद्धीवर आलात आणि तुमचे पहिले वाक्य होते, "मन्हं डोकं कोनी भादरं?" आम्ही तिघेही इतके हसलो की नर्सने दरडावले. दिवाळीनंतर पांढरी टोपी घालून तुम्ही बॅच सुरू केलीत. नवा चष्माही आला, जाड काळ्या काड्यांचा. त्यात तुम्ही रागावलेल्या घुबडासारखे दिसायचा. मी तसे बोललेही. तुम्ही म्हणालात, "भोक पाडलं, रक्त काढलं, पण तो सातवा प्रश्न काही बाहेर पडला नाही बघ."

चेष्टा एवढी चालली, पण मुद्द्याचे बोलणे कधी झाले नाही. मी केले ते तुम्हाला हवे होते का, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही. थंडीत शेतावर भरिताचा बेत होता. कळण्याची भाकरी मोडता मोडता तुम्ही अचानक म्हणालात, "त्या दिवशी दवाखान्यात तू सुरेशला जे सांगितलंस ना..." तेवढ्यात भाऊंनी वांग्याच्या नव्या घाण्याची हाक दिली. "राहू दे," तुम्ही म्हणालात, "भाजलेलं गरम खावं." मी आतून सुटकेचा श्वास टाकला आणि त्याच क्षणी स्वतःवर चिडले. पुढे मी जेव्हा जेव्हा पाचोऱ्याला आले, तेव्हा ते अर्धे वाक्य आपल्या दोघांमध्ये बसलेले असायचे. मी त्याचे निरनिराळे शेवट करून पाहिले. 'ते बरं केलंस.' 'ते तुला सांगायचा अधिकार नव्हता.' दोन्ही शेवट व्याकरणाने बसत होते.

मग वैशाख आला. दुपारी जेवून तुम्ही पडलात, आणि वहिनी चहाला उठवायला गेल्या तर तुम्ही गेलेले होता. चष्मा घडी घालून उशाशी ठेवलेला. अंगाला एकही नळी नव्हती.

सुतक संपवणाऱ्या गंधमुक्तीच्या दिवशी सगळी माणसे परतल्यावर भाऊ माझ्याशेजारी येऊन बसले. "शेवटी त्यांच्या मनासारखंच झालं, मधुरा. त्यांचा शब्दही राहिला आणि चष्माही वापरून झाला." माझ्यावरचे अर्धे ओझे तिथे उतरले. पण अर्धेच. कारण हा निकाल भाऊंचा होता, तुमचा नव्हे. चांगला शेवट झाला म्हणून आधीचा निर्णय योग्य होता असे म्हणणे, ही तर्कातली उघड चूक आहे, आणि तुमच्या पुढच्या खोलीत बसून ती करणे मला जमण्यासारखे नव्हते.

वहिनी चहा घेऊन आल्या. काही तरी बोलायचे म्हणून त्यांनी विचारले, "तुमची ती परीक्षा छापून झाली का?"

"या आठवड्यात जाईल. एकच प्रश्न राहिलाय, नानांचा शिंपी. त्यांच्या आठवणीसाठी त्यांचंच उत्तर ठेवीन म्हणते. ब."

वहिनींनी कप खाली ठेवला. "ब? नानांनी तर पोरांना ड सांगितलं."

"कधी?"

"क्लासमध्ये. मी आत पोळ्या लाटत होते, सगळं ऐकू येतं."

"आजारपणाच्या आधी की नंतर?" माझा आवाज चढला असावा, कारण भाऊंनी वळून पाहिले.

"अहो ताई, टोपी होती ना डोक्याला!" वहिनी म्हणाल्या. "ती टोपी काढली म्हणून तर मी दारात येऊन बघायला लागले."

त्यांनी जे सांगितले, ते त्यांच्याच क्रमाने लिहिते. तुम्ही शिंप्याचा उतारा वाचून दाखवलात आणि उत्तर ड सांगितलेत. एक मुलगी अडून बसली. तिचे म्हणणे, सर, शिंपी स्वतःच्या तोंडाने सांगतोय की मी कुठे जाणार नाही, मग आपण त्याच्यावर विश्वास का नाही ठेवायचा? म्हणजे तिचा मुद्दा अक्षरशः तुमचाच होता. तुम्ही तिला शाबासकी दिलीत. मग टोपी काढून मुलांपुढे वाकलात आणि टाक्यांच्या खुणेवर स्वतःचे बोट ठेवलेत.

"मीसुद्धा तोंडानं नाहीच म्हणायचो," तुम्ही म्हणालात. "बरं झालं, कुणीतरी पुढची ओळ वाचली. सातव्याचं उत्तर ड. हा पुरावा."

मुले हसली, एकेकाने जवळ येऊन खूण पाहिली. टोपी घालताना तुम्ही दारातल्या वहिनींना पाहिलेत आणि म्हणालात, "मधुराले सांगजो नको. डोक्यावर बशी जाई, आनी तठे आधीच भोक शे."

तुम्ही बजावल्याप्रमाणे वहिनींनी मला सांगितले नाही. मीही त्यांच्या जागी असते तर सांगितले नसते. तुमचा शब्द मोडायचा नाही, हे त्या घरात सर्वांना फार चांगले शिकवलेले आहे.

तुमच्या वाक्याचे मी तेव्हापासून परीक्षण करते आहे, आणि तुमच्या विद्यार्थिनीला शोभेल इतक्या संशयाने. तुम्ही मुलांना हसवण्यासाठी बोललात का? शक्य आहे, पण हसवण्यासाठी टोपी काढावी लागत नव्हती. ती तुम्ही माझ्यासमोर एकदाही काढली नाहीत. वहिनींनी माझ्या समाधानासाठी वाक्य गोड करून सांगितले का? तसे असते तर भोकाचा भाग त्यांनी वगळला असता. शिवाय हे वाक्य त्यांनी मी विचारल्यामुळे सांगितले नाही; ब ऐकून त्यांना माझी चूक दुरुस्त करायची होती. माझ्या प्रश्नातला एकही शब्द माहीत नसताना त्यांनी त्याचे उत्तर दिले. यापेक्षा चांगला आधार मला कोणत्याही उताऱ्यात सापडणार नाही.

म्हणून हायसे वाटते आहे, नाना. भरिताच्या दिवसाचे ते अर्धे वाक्य आता पुरे झाले. अर्जही पाठवून दिला. उतारे विमानात बसतील की नाही ते कळेलच. तक्रार एकच आहे. वाद तुम्ही हरलात आणि मला कळू दिले नाहीत, त्यामुळे जिंकण्याचा आनंद मला एकटीलाच घ्यावा लागतो आहे, आणि तो असा एकटीने घेण्यात अजिबात मजा नाही. तुम्ही समोर असता तर मी तासभर तरी डोक्यावर बसले असते, भोक सांभाळून.

काल जळगावला परतल्यावर मी उत्तरसूची उघडली. सातव्या प्रश्नापुढची जागा तशीच कोरी होती. तिथे ड लिहिले. मग कुणी पाहत नाही याची खात्री करून, आठवीत बसायचे तशी ताठ बसले, शिंप्याच्या उताऱ्यातल्या त्या ओळीखाली बोट टेकवले, आणि तुम्ही रांगेतून वाकून बघत पुढे जाईपर्यंत ते तिथेच ठेवले.